खिंडीतली हजेरी

सकाळी दूध तापवत असताना मोबाइल वाजला, मी तिकडे पाहिलं आणि दूध उतू गेलं. प्रीती, आमची सून, काही बोलली नाही. तिची न बोलण्याची एक पद्धत आहे: फडकं आणते, ओटा पुसते आणि फडकं पिळताना तुमच्याकडे एकदाच बघते. त्या दिवशी मी त्या बघण्याचीही दखल घेतली नाही. मावल्यातल्या आम्हा सकाळच्या फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. धुकं, मागे सागाची झाडं, मधे दगडांचा ढीग आणि त्या ढिगावर पाय फाकवून, दोन्ही हात आभाळात फेकून उभा असलेला एक तरुण. खाली लिहिलेलं, ‘गारखोऱ्याचा हिवाळी ट्रेक. येत्या रविवारी पुन्हा. कोण कोण येतंय?’ त्याखाली अंगठ्यांची रांग. आमचा ग्रुप अंगठा दाखवायला सगळ्यात पुढे; चालायची वेळ आली की निम्मे तळ्यापर्यंतही पोचत नाहीत, वाटेतल्या चहाच्या टपरीवरच त्यांची प्रकृती सुधारते. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. त्या पोराचं तोंड बघायचं नव्हतं, त्याच्या बुटांखाली काय आहे ते बघायचं होतं. ढीग मोठा होत होत नुसता राखाडी झाला. बुटांच्या मधे एक पांढरा डाग तेवढा दिसत होता, तो दवाचा असावा किंवा माझ्या चष्म्याचा. ‘कोण आहे हो बाबा?’ प्रीतीनं विचारलं. मी म्हटलं, ‘कुणी नाही, एक पोरगा तुझ्या सासूवर उभा आहे.’ ती जागच्या जागी थांबली. हल्ली घरात माझं बोलणं ऐकून माणसं थांबतात आणि मग हर्षदीपला, माझ्या मुलाला, हळूच सांगतात, हे मला ठाऊक आहे.

पण ते खोटं नव्हतं. त्या ढिगात माझ्या बायकोचा, मन्कर्णाचा, दगड होता. गारखोऱ्यात उतरणाऱ्यानं खिंडीत थांबून एक दगड ढिगावर ठेवायचा आणि खोऱ्यातून परत वर आला की आपला दगड काढून बाजूला टाकायचा, अशी तिथली रीत. ज्याचा त्यानं काढायचा. माणूस मेलं तर घरच्यानं येऊन काढायचा. तिसऱ्यानं काढायचा नाही. खाली एकच वस्ती, खोरगुडा, आणि वर यायला तेव्हा एकच वाट. हिवाळ्यात अशी थंडी उतरायची की पहाटे घागरीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायचा. कोण खाली आहे, कोण वर आलं, याचा हिशेब त्या ढिगावरून लागायचा. शेंदूर नाही, नारळ नाही, पुजारी नाही. मन्कर्णा त्या वस्तीवरच्या शाळेत मास्तरीण होऊन गेली तेव्हा मी तिला टोचलं होतं, ‘बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली बाई दगडाला पूजते?’ ती म्हणाली, ‘पूजते कुठं? हजेरी लावते. तुमच्या ऑफिसातल्यापेक्षा खरी आहे. इथं माणूस असल्याशिवाय लागत नाही.’ मी तेव्हा तहसिलीत नवा कारकून होतो आणि आमच्या मस्टरवर, चहाला गेलेले, मुलगी बघायला गेलेले, एवढंच काय पण एक आजोबा होऊन घरी बसलेले, असे सगळे हजर असायचे. त्यामुळे मी गप्प बसलो. तिच्यापुढे गप्प बसण्याचा तो माझा श्रीगणेशा.

सोमवारी ठेवायचा, शनिवारी काढायचा. पांढरी गारगोटी होती तिची, मुठीत मावेल एवढी, मधून तांबूस रेघ गेलेली. प्रत्येक खेपेला तीच. शनिवारी काढली की खिंडीतल्या मोहाच्या बुंध्याशी ठेवून यायची, सोमवारी उचलायची. मग एका निवडणुकीत खोऱ्याच्या दुसऱ्या अंगानं, उटनूरच्या बाजूनं, जंगलातून नवी वाट फोडून पहिल्यांदा जीप आली, मतपेट्या न्यायला. बाईंची तिथेच ड्यूटी लागलेली. साहेब म्हणाले, बसा मॅडम, चढण कशाला चढता. हर्षदीप पोटात होता, ती बसली. दोन वळणं गेल्यावर ओरडली, ‘अहो थांबवा, माझा दगड राह्यला!’ ड्रायव्हरला वाटलं सामान राहिलं. साहेबांना वाटलं बाळंतपणाच्या कळा. जीप काही थांबली नाही. त्याच महिन्यात गुडीहत्नूरला बदली झाली आणि खिंड मागे पडली ती पडलीच. पुढे सगळा संसारभर तो दगड आमच्या घरात नांदला. भाजीत मीठ विसरली की म्हणायची, ‘मी कुठं आहे इथं? माझी हजेरी अजून तिकडंच.’ भांडण झालं की, ‘कुणाशी भांडता? मी खोऱ्यात आहे.’ दर हिवाळ्यात, स्वेटर बाहेर निघाले की आम्ही ठरवायचो, यंदा जाऊन काढून यायचा. आणि दर हिवाळ्यात ती काहीतरी निमित्त काढायची, किंवा मी काढायचो, आणि दोघांनाही हायसं वाटायचं. आता असं वाटतं की तो दगड निघाला असता तर आमच्याकडे बोलायला काय उरलं असतं. मागच्या हिवाळ्यात, दवाखान्यात, तोंडावरची नळी बाजूला सारून ती म्हणाली, ‘अहो हेडक्लार्क, तेवढा दगड काढून आणा. ड्यूटीवरून सुटले असं लिहा.’ आणि हसली. ती चेष्टा करतेय की खरं सांगतेय हे मला लग्नानंतर कधीच नीट ओळखता आलं नाही, तेव्हाही आलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली. वर्षभर मी तो विषय कपाटात ठेवल्यासारखा ठेवला होता, आणि आता त्यावर कुणाचे तरी बूट.

ट्रेक नेणारी रूपाली नावाची मुलगी, बेल्याकडच्या शेतकऱ्याची, आदिलाबादला हाडांच्या डॉक्टरकडे व्यायाम करवून घेण्याचं काम करते. म्हणजे आठवडाभर लोकांचे गुडघे दुरुस्त करते आणि रविवारी मोडायला नेते. धंदा म्हणून मला ते पटलं. फोन केला तर म्हणाली, ‘काका, तुमी? वय काय हाय तुमचं?’ मी म्हटलं, ‘वय लिहून घे, गुडघे लिहू नको.’ ती खळखळून हसली. ‘मंग या. पर मधात बसून घेतलं तर आमी उचलून नाई आणणार, आदीच सांगून राह्यली.’ हर्षदीपनं नेहमीप्रमाणे विरोध केला, म्हणजे आधी बायकोकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ‘बाबा, तिथं रेंज नसते.’ मी म्हटलं, ‘तुझ्या आईला तिथं रेंज नव्हतीच, तरी तिचं म्हणणं मावल्यापर्यंत ऐकू यायचं.’ प्रीतीनं मात्र हर्षदीपची कानटोपी आणि आईंची शाल पिशवीत भरली. आईंची शाल. मी ती काढून ठेवली नाही.

टेम्पो गुडीहत्नूरवरून वळला तेव्हा नुकतं उजाडत होतं. कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या, गाडीवान घोंगडीत इतका गुंडाळलेला की बैल स्वतःच्याच अकलेनं चालले होते. टेम्पोत बसलेल्या माणसांची मनातल्या मनात वर्गवारी करण्याची मला जुनी खोड आहे. ऑफिसात खिडकीपुढची रांग बघून मी सांगत असे, कुणाचं काम आहे आणि कुणाचं नुसतं भांडण आहे. इथेही दोन जाती दिसल्या: एक, डोंगर चढायला आलेले, दुसरी, डोंगर चढताना दिसायला आलेले. दुसऱ्या जातीचा मुकादम बंडू, मोबाइलच्या दुकानात काम करणारा, तोच फोटोतला. त्याच्या बुटांना केशरी नाड्या होत्या, त्यावरूनच मी त्याला ओळखलं. मोठा लाघवी पोरगा. मला खिडकीची जागा दिली, गुडघ्यावर स्वतःची चादर टाकली, आणि वर विचारलं, ‘काका, तुमी कोन्त्या कामाले येऊन राह्यले? मंजे, रील बनवायले तं नसानच.’ ज्याच्यावर रागवायचं ठरवून घराबाहेर पडावं त्यानं असं वागू नये. माझा राग इंद्रवेल्लीपर्यंत कसाबसा टिकला, पुढे थंडीनं त्याचाही कडकपणा गेला.

चढण तीच होती, फक्त कुणीतरी तिला मधे मधे लांबवून ठेवलं होतं. सागाची वाळकी पानं पायाखाली ताटांसारखी वाजत होती. पहिल्यांदा मी ही वाट चढलो तो लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा. बायको कुठे नोकरी करते ते बघायला, आणि खरं म्हणजे ती तिथे एकटी राहते हे सासऱ्यांना नीट सांगता यावं म्हणून. ती पुढे, चपला हातात घेऊन, मी मागे, पायांत बूट आणि बगलेत छत्री. हिवाळ्यात छत्री! सरकारी माणसाजवळ छत्री असावी असं मला कुणीतरी सांगितलं होतं. ती वळून बघायची, छत्रीकडे बघायची आणि पुढे चालायची. तिच्या श्वासाची वाफ मागे राहायची आणि मी त्या वाफेतून चालायचो. आजही तसंच वाटत होतं, पुढे रूपाली होती, तिच्या तोंडून वाफ येत होती, तरीही ती वाफ मन्कर्णाची आहे असं धरून मी पाय टाकत होतो, आणि गुडघे ते खरं मानून चालत होते. माणूस स्वतःला फसवायला निघाला की आधी गुडघे फसतात, मग मन. रूपाली म्हणाली, ‘काका, बसा घडीभर.’ मी म्हटलं, ‘बसलो तर तू उचलणार नाहीस.’ ‘आता उचलन,’ ती म्हणाली, ‘वजन पाह्यलं मी तुमचं, काईच नाई.’

खिंडीत धुकं नुकतंच फाटत होतं. मोह होता. ढीग होता, आठवणीत होता त्याहून रुंद. रूपालीनं सगळ्यांना दगड ठेवायला लावले. रीत तिला ठाऊक होती, एवढंच की तिच्या लेखी ती सहलीची गंमत होती. मी माझा एक काळा दगड ठेवला आणि ढिगाशी गुडघे टेकून बसलो. सरळ विचार केला: जुनी कागदपत्रं नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी असतात. इतक्या वर्षांचा दगड खालीच असणार. मी खालचे दगड चाचपू लागलो. शेवाळलेले, फुटलेले, खाली मुंग्या. एक गारगोटी मिळाली, तिला रेघ नव्हती. दुसरीला रेघ होती पण ती माझ्या मुठीत मावेना. मग वाटलं, तिची मूठ मोठी होती का? तिच्या मुठीचं माप मला आठवेना. हे मला सर्वांत जास्त लागलं. एवढा संसार झाला, तो हात हातात धरून दवाखान्यात बसलो, आणि मूठ केवढी होती ते सांगता येत नाही. बंडू येऊन उभा राहिला. ‘काका, काय हरवलं?’ सांगावं लागलं, तळाशीच शोधायला हवं हेही. सांगताना त्याच्या बुटांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेली. तो बघता बघता काळवंडला. ‘काका, आईची शप्पथ, मले मालूमच नव्हतं. मले वाटलं नुसते गोटे हाय.’ मग नाड्या ओढून त्यानं बूट काढले आणि त्या गारठ्यात नुसत्या मोज्यांवर ढिगाभोवती फिरून गारगोट्या आणू लागला. ‘हा का? हा? काका, हा पाहा, रेघ हाय.’ सगळ्यांनाच चेव आला. माझ्यापुढे पांढऱ्या दगडांची रास झाली, आणि प्रत्येक जण आशेनं माझ्या तोंडाकडे बघू लागला, जणू मी होकार दिला की त्याचा नंबर लागणार. कुठलाही एक उचलून हाच म्हटलं असतं तर सगळे सुखानं पुढे गेले असते. मी ‘नाही’ म्हटलं. आणलेले दगड जिथले तिथे ठेवायला सांगितले. तिचा बहुधा कधीच निसटून दरीत गेला असेल. म्हणजे ती सुटली आणि मला कळवलंही नाही. तिच्या स्वभावाला धरूनच होतं ते. मी उठलो. वर आलो होतो तेव्हाच्या मानाने खाली उतरताना फार जड झालो होतो.

खोरगुडा उन्हात शेकत बसला होता. शाळेचं छप्पर गेलं होतं, भिंतींवर वेल चढलेले. पोरं आता दूर वसतिगृहात राहून शिकतात असं रूपालीनं सांगितलं. फळ्याची जागा तेवढी भिंतीवर काळी उरली होती. मन्कर्णा तिथे उभी राहून शिकवायची आणि मी त्या दिवशी मागच्या ओळीत, पोरांमध्ये, मांडी घालून बसलो होतो. छत्री मांडीवर. तिनं मलाही प्रश्न विचारला होता, मला आला नव्हता, आणि सगळा वर्ग हसला होता. प्रश्न कोणता होता ते विसरलो. हसणं आठवतं, त्यात तिचंही होतं. भिंतीला टेकून उभा होतो तेवढ्यात मागून आवाज आला. ‘छत्री नाई आणली का या डाव?’ एक बाई, केस कानाजवळ पांढरे, हातात सूप. मी बघतच राहिलो. ‘नाई वळखलं? मी जयवंता. तिसरीत होती. तुमी बाईचे मालक न? नाल्यात पडले होते तुमी, छत्री धरून. आमी किती दिस तसं पडून दाखवत होतो एकमेकाले, बाई रागे भरे आन् मंग तोंड फिरवून हासे.’ माझ्या आयुष्यातला एक प्रसंग खोऱ्यातल्या पोरांनी इतके दिवस खेळ म्हणून खेळला आणि मन्कर्णानं तो मला कधी सांगितला नाही. तिनं माझ्यापासून लपवलेली एवढी एकच गोष्ट असावी.

जयवंताबाईनं खाट टाकली, चहा दिला, गुळाचा, वाफाळता. मग सूप मांडीवर घेऊन समोर जमिनीवर बसली आणि ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, ‘बाईचा दगड दिसला न वर?’ मी म्हटलं, ‘नाही दिसला. पुष्कळ शोधला, अगदी तळापासून.’ ती सूप थांबवून हसली. ‘तळाले काऊन पाहाता? बाईचा वरती हाय. अगदी टोकाले. पानी पडलं का ढीग घसरते, मंग आमी दरसाल रचतो तो, पोळ्यानंतर. सगळ्याईचे दगड रचून झाले का बाईचा वरती ठेवतो. बाई गेल्यावर लय मास्तर आले. म्हंजे कागदावर आले. वर एकाचाबी दगड नव्हता. माहा बाप म्हने, ज्याचा दगड हाय तेच आपली मास्तरीण. बाकीच्याईची हाजरी त्याईच्याजवळ.’ मी खिशातून मोबाइल काढला. तो फोटो. मोठा केला, खालून नाही, वरून. केशरी नाड्यांचे दोन बूट आणि मधे तो पांढरा डाग, आणि डागात, आता सांगितल्यावर, एक तांबूस रेघ. बंडूनं पाय फाकवले होते म्हणून तिच्यावर पडले नव्हते. मी तळाशी वाकून बसलो होतो तेव्हा ती माझ्या टोपीच्या वर होती, आणि दगड काढायला म्हणून आणलेले हात मी मुंग्यांत घालत होतो. आता कळलं म्हणजे झालंच, परत जाताना काढायचा, शालीत गुंडाळायचा, घरी न्यायचा. शाल सोबत आणल्याचंही बरं झालं असं मनात आलं.

जयवंताबाईनं सूप खाली ठेवलं होतं. ती आता ज्वारीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. अशा नजरेनं माणसं आमच्या खिडकीपाशी यायची. निकाल काय लागला ते त्यांना माझ्या तोंडावर आधीच दिसलेलं असायचं, आणि तरी कागद वाचून दाखवू नका अशी विनवणी त्या नजरेत असायची. ‘सायेब,’ ती हळूच म्हणाली, ‘तुमी एकलेच आले. दगडासाठी तं नाई आले न?’

घरचा माणूस एकटा येऊन दगड काढतो तो कधी, हे तिलाही माहीत होतं. मी सगळं आयुष्य नोंदी खऱ्या ठेवल्या. मेलेल्याचं नाव पट्ट्यावरून कमी करायला लोक टाळाटाळ करत, मी करू देत नसे. आहे ते लिहा, नाही ते खोडा. ‘नाही हो,’ मी म्हटलं, ‘ट्रेकला आलो. या पोरांसंगं.’

‘मंग बाई कवा येते?’

‘थंडी सरू दे,’ मी म्हटलं. ‘गुडघे दुखतात तिचे.’

जयवंताबाईनं सूप पुन्हा उचललं आणि खाली मान घालून पाखडत राहिली. मग उठली, आत गेली, पदराच्या टोकात बोरं घेऊन आली आणि माझ्या पिशवीत ओतली. ‘बाईले देजा. तिले आवडत. आंबट हाय, म्हनान जयवंतानं निवडून नाई देल्ले.’ तिला कळलं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. माणसं ओळखण्याचा माझा गर्व त्या ओसरीवर तसाच पडून राहिला. डोळे पुसायला तिला सूप पाखडण्याची सोय होती, फोलपाटं उडत होती. मला ती सोयही नव्हती.

वर खिंडीत पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. गारगोटी टोकावर होती. एवढी ढळढळीत की सकाळी कुणालाच दिसली नाही याचं हसू यावं. बंडू बुटांसकट दहा हात लांब उभा राहिला. रूपालीनं विचारलं, ‘काका, काढू लागू का?’ मी नको म्हटलं. सगळ्यांनी आपापले दगड काढले, मी माझा काळा काढला आणि मोहाच्या बुंध्याशी टाकला. मग मूठ करून गारगोटीजवळ नेली. तिची मूठ आठवली नाही. पण हात लावला तर दगड एका अंगानं उन्हानं कोमट होता आणि दुसऱ्या अंगानं गार, झोपेतून उठलेल्या माणसाच्या गालासारखा. मी हात काढून घेतला. टेम्पोत पोरं गात होती, पिशवीतल्या बोरांचा आंबट वास शालीला लागत होता. मन्कर्णानं नोकरीत एकही खोटी हजेरी लावली नाही, कुणाला लावू दिली नाही. तिच्या नावावर ही पहिलीच, आणि तीही नवऱ्याच्या हातची. आता घरी गेलो की बोलणी बसणार, असं अगदी सवयीनं मनात आलं, आणि मावला येईपर्यंत मी उत्तराची तयारी करत बसलो.